जिंतूर–न्यू यॉर्क : हवाई अंतर आणि प्रवासकाल

परभणी जिल्ह्यातील जिंतूर या तालुक्याच्या गावापासून न्यू यॉर्कपर्यंतचा प्रवास. जिंतूरला विमानतळ नाही आणि रेल्वे स्थानकही नाही. त्यामुळे मुंबईपासून मोजलेले तास या गावच्या प्रवाशाला अपुरेच पडतात.

सरळ रेषेत सर्वांत जवळचा विमानतळ नांदेडचा, सुमारे ८० किमी. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ सुमारे १४० किमीवर आहे. परदेशी जाण्यासाठी मात्र मुंबई (सुमारे ४०५ किमी) किंवा हैदराबादजवळचे शमशाबाद (सुमारे ३२० किमी) गाठावे लागते. १९४८ पर्यंत जिंतूर निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याची राजधानी हैदराबाद आजही मुंबईपेक्षा जवळ आहे. तरी पुष्कळ जण मुंबईच धरतात. जिंतूरहून एस.टी.ने परभणी, तेथून देवगिरी एक्सप्रेससारख्या गाडीने रात्रभराचा प्रवास, हा जुना रस्ता.

मुंबई ते न्यू यॉर्कचा जे. एफ. केनेडी विमानतळ हे बृहद्‌वृत्तावरचे अंतर सुमारे १२,५३० किमी आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत आखूड मार्ग बृहद्‌वृत्तावरून जातो. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटते, की विमान अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून सरळ पश्चिमेला जाईल. प्रत्यक्षात आखूड रेषा मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकते. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड, नॉर्वे ओलांडून ती आइसलँडजवळ जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून अमेरिकेकडे उतरते. दोरा आणि पृथ्वीगोल घेऊन हे कोणत्याही शाळेत करून पाहता येते, आणि करून पाहावेच.

या रेषेवरून नेहमी उडता येते असे नाही. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. असा वळसा पडला की इंधन आणि वेळ दोन्ही वाढतात. ताशी ९०० किमी वेगाने आखूड अंतराला सुमारे १४ तास पुरावेत. पण पश्चिमेकडे जाताना जेट प्रवाह समोरून येतो, म्हणून थेट विमानाला साधारण १६ तास लागतात. परतीला तोच वारा पाठीशी असतो आणि तास-दीड तास वाचतो.

एअर इंडियाने १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ विमानाने न्यू यॉर्कची सेवा लंडनमार्गे सुरू केली. मुंबईहून केनेडी विमानतळाला तिची पहिली थेट सेवा २००७ मध्ये आली.

एस.टी., आगगाडी, विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे आणि उड्डाण हे सारे धरले तर जिंतूरहून न्यू यॉर्कला सव्वा दिवसाहून जास्त लागतो. न्यू यॉर्कचे घड्याळ भारताच्या मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास. त्यामुळे जाताना तारीख फारशी पुढे सरकत नाही. परतीला मात्र तेथून दुपारी निघालेला माणूस तिसऱ्या तारखेला जिंतूरला पोहोचतो. घरच्यांनी परभणी स्थानकावर घ्यायला यायचा दिवस ठरवताना हा फरक धरावा.