टार्गेट ड्रोन: गोळे झेलण्यासाठीच बनवलेलं विमान

ड्रोन म्हटलं की आपल्याला लग्नातलं शूटिंग आठवतं. पण सुरुवातीच्या ड्रोनवर ना कॅमेरा होता, ना बॉम्ब. आकाशात फिरायचं आणि खालच्या तोफांना आपल्यावर नेम धरू द्यायचा, एवढंच काम. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं होतं.

त्याआधी विमानविरोधी तोफांचा सराव व्हायचा तो असा: एक विमान लांब दोरीला कापडी नळा बांधून ओढत न्यायचं आणि तोफा त्या नळ्यावर मारा करायच्या. आता दोरीच्या पुढच्या टोकाला जिवंत पायलट बसलेला! नळा आपला सरळ, संथ जायचा. शत्रूचं विमान थोडंच असं वागणार होतं?

म्हणून ब्रिटिशांनी फेअरी कंपनीचं विमान रेडिओवर चालेल असं करून घेतलं. नाव ‘फेअरी क्वीन’. पहिली दोन उडताच कोसळली. तिसरं जानेवारी १९३३ मध्ये नौदलाच्या ताफ्यासमोर सुमारे दोन तास फिरलं. तोफा धडाडत होत्या, पण एकही गोळा लागला नाही! विमान वाचलं, पण नौदलाच्या पोटात गोळा आला असणार. खऱ्या हल्ल्यात याच तोफांच्या भरवशावर जहाजं आणि माणसं असणार होती.

मग १९३५ मध्ये आलं डी हॅविलंडचं ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी. याची बॉडी लाकडी, त्यामुळे स्वस्त आणि पाण्यात पडली तरी तरंगणारी. रिमोट कसला होता माहितीये? जुन्या काळ्या फोनवर असायची तसली गोल डायल! आकडा फिरवला की रेडिओवरून हुकूम सुटायचा: डावीकडे वळ, वर जा, खाली ये.

हे बघून अमेरिकन नौदलानेही असाच प्रकल्प काढला. त्याचे प्रमुख डेल्मर फार्नी यांनी १९३६ मध्ये अशा विमानांना ‘ड्रोन’ म्हटलं. इंग्रजीत ड्रोन म्हणजे नर मधमाशी. हा राणीमाशीला केलेला सलाम, असं सांगतात.

अमेरिकेत ही विमानं हजारोंनी बनवली ती मात्र एका सिनेनटाच्या कंपनीने. रेजिनाल्ड डेनी यांना मॉडेल विमानांचा नाद, हॉलिवूडमध्ये त्यांचं तसलं दुकानही होतं. त्यांच्या ‘रेडिओप्लेन’ कंपनीचं छोटंसं ओक्यू-२ गोळ्यांतून वाचलंच, तर पॅराशूटने खाली यायचं आणि पुन्हा मार खायला तयार! या कारखान्यात लष्कराच्या फोटोग्राफरने नॉर्मा जीन नावाच्या एका कामगार मुलीचे फोटो काढले. तीच पुढे मेरिलिन मन्रो झाली.