तबला जरा कमी कर ना!

आजचा भाग शक्यतो हेडफोन लावून ऐका, कारण विषय कानांचाच आहे.

"गाणं मस्त झालंय रे, फक्त तबला जरा कमी कर ना." घरी लॅपटॉपवर गाणी रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. आपण माउस पकडतो, तबल्याच्या ट्रॅकचा फेडर थोडा खाली ओढतो, झालं काम. पण मागणी केवढी मोठी आहे बघा. वादक घरी निघून गेलेत, आणि आपण त्यांच्यातल्या एकाचाच आवाज नंतर बदलतोय.

१९४० च्या दशकात हे जवळजवळ अशक्य होतं. सगळे एका खोलीत जमायचे आणि सगळ्यांचा आवाज एकत्र तबकडीवर कोरला जायचा. एखादं वाद्य जास्त वाजतंय असं वाटलं तर त्या वादकाला माइकपासून चार पावलं मागे पाठवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपल्या मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंतही कित्येक वर्षं गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्रच रेकॉर्ड व्हायचा. शेवटच्या ओळीत एक व्हायोलिन चुकलं की सगळ्यांचा रीटेक!

या त्रासातून वाट काढणारा माणूस म्हणजे अमेरिकन गिटारवादक लेस पॉल. गडी वादक कमी आणि जुगाडू जास्त. हॉलिवूडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये तो एका तबकडीवर गिटार वाजवायचा, मग ती तबकडी लावून तिच्यासोबत पुन्हा वाजवत सगळं दुसऱ्या तबकडीवर घ्यायचा. असे थर चढवून केलेलं त्याचं 'लव्हर' हे रेकॉर्डिंग १९४८ मध्ये आलं. पुढे गायक बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्स कंपनीचं टेप मशीन भेट दिलं. पॉलने त्याला एक जादा हेड बसवून घेतलं. आधीचा आवाज त्या हेडवरून वाचायचा, त्यात नवा मिसळायचा आणि दोन्ही मिळून त्याच टेपवर परत लिहायचे. पत्नी मेरी फोर्डसोबत १९५१ मध्ये केलेलं 'हाउ हाय द मून' याच पद्धतीने तयार झालं.

आमच्या भाषेत सांगायचं तर या माणसाकडे अनडू नव्हतं. नवा थर लिहिताना जुना पुसला जायचा. दहाव्या थरात चूक झाली तर आधीचे नऊही गेले. शिवाय प्रत्येक कॉपीत आवाज थोडा खराब व्हायचा, म्हणून सगळ्यात बिनमहत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य गाणं शेवटी, असा उलटा क्रम लावावा लागायचा. गाण्याचा अख्खा नकाशा डोक्यात तयार असल्याशिवाय सुरुवातच करता येत नव्हती. मला स्वतःला ही शिस्त भारी वाटते, पण ती माझ्या वाट्याला आली नाही याचा आनंदही आहे!

खरा उपाय होता एकाच टेपवर शेजारी शेजारी स्वतंत्र पट्ट्या, म्हणजेच ट्रॅक. तिथे वेगळीच अडचण आली. टेप मशीनमध्ये रेकॉर्ड करणारं हेड आणि ऐकवणारं हेड एकमेकांपासून काही सेंटिमीटर लांब असतात. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावतेय आणि अंतर समजा ४ सेंटिमीटर आहे, तर जुना ट्रॅक ऐकून वाजवलेलं नवं वादन साधारण एक दशांश सेकंद मागे पडणार. तालाच्या दृष्टीने हा सत्यानाशच. अँपेक्सच्या रॉस स्नायडरने यावर सोपी युक्ती काढली. जुने ट्रॅक रेकॉर्डिंग हेडवरूनच ऐकवायचे! तिचं नाव सेल-सिंक. १९५७ मध्ये लेस पॉलला आठ ट्रॅकचं मशीन मिळालं, लोक त्याला 'ऑक्टोपस' म्हणत. (आज लॅपटॉपवर गाताना आवाज कानात उशिरा येतो ना? त्या लेटन्सीचं कारण निराळं आहे, पण दुखणं तेच.)

हे मशीन घरात यायला मात्र बरीच वर्षं गेली. १९७९ मध्ये टॅस्कॅमचं पोर्टास्टुडिओ आलं. साधी कॅसेट, पण चार ट्रॅक. १९८२ च्या सुरुवातीला ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात त्यावर डेमो केले, मग बँडसोबत तीच गाणी पुन्हा वाजवून पाहिली, आणि शेवटी घरची कॅसेटच 'नेब्रास्का' अल्बम म्हणून बाहेर काढली.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. १९८५ च्या अटारी ५२० एसटीमध्ये ५१२ केबी मेमरी होती. सीडीच्या दर्जाचा मोनो आवाज सेकंदाला साधारण ८८ केबी खातो. म्हणजे मेमरीत जेमतेम सहा सेकंद! मग घरात बसून गाणी करायची कशी? उत्तर होतं मिडी, १९८३ पासून बाजारात आलेली सूचनांची भाषा. मिडीमध्ये आवाज साठवतच नाहीत. 'अमुक पट्टी, एवढ्या जोराने दाबा' असा तीन बाइटचा निरोप जातो. हजार स्वर सुरू आणि बंद करायला फक्त सहा हजार बाइट लागतात. अटारीला तर मिडीचे पोर्ट मुळातच बसवलेले होते. एकेक स्वर वेगळा पकडून बदलता येणं घरात पहिल्यांदा शक्य झालं ते इथे.

पण मिडी बनली ती कीबोर्डवाल्यांसाठी. स्वर म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा. मींड घ्यायची तर पिच बेंड, आणि तो अख्ख्या चॅनेलला एकदम लागतो, एकट्या स्वराला नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली. त्यामागचा एक आक्षेप हाच होता की या पेटीतून मींड आणि श्रुती निघत नाहीत. तोच वाद आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने घुसला. प्रत्येक स्वराला स्वतंत्र वळण देणारं एमपीई मानक यायला २०१८ साल उजाडलं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. १९९१ मध्ये चार ट्रॅकचं प्रो टूल्स, १९९६ मध्ये क्यूबेस व्हीएसटी, २००० मध्ये फुकट मिळणारं ऑडॅसिटी. हार्ड डिस्क स्वस्त झाल्या आणि ट्रॅक मोजायची गरज संपली.

उरले ते आधीच मिसळून गेलेले आवाज. जॉन लेननने घरी कॅसेटवर पियानो वाजवत एक गाणं गायलं होतं, 'नाउ अँड देन'. १९९५ मध्ये बाकीच्या तिघांनी ते पुरं करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण गळा आणि पियानो सुटे होत नव्हते. मशीन लर्निंगने ते सुटे केले आणि २०२३ मध्ये गाणं आलं. लेननला जाऊन तेव्हा जवळजवळ ४३ वर्षं होत आली होती.

अशी साधनं आता तुमच्या-माझ्या हातात आहेत. डीझर कंपनीने २०१९ मध्ये खुलं केलेलं स्प्लीटर कुणीही लॅपटॉपवर चालवू शकतो. त्याचे कप्पे असे: गायन, ड्रम्स, बेस, हवा असल्यास पियानो, आणि राहिलेलं सगळं 'इतर'. आजोबांच्या जुन्या भजनाच्या कॅसेटवर ते चालवलंत तर पेटी जाणार 'इतर'मध्ये. आणि डग्ग्याचा घुमारा बेसमध्ये टाकायचा की ड्रम्समध्ये, हे सॉफ्टवेअर आपल्या अंदाजाने ठरवणार. तबल्याचा कप्पा त्यात नाहीच.