वैमानिकाचं घड्याळ

‘पायलट वॉच’ म्हटलं की आज डोळ्यांसमोर येते ती लाखांच्या घड्याळाची जाहिरात. मला मात्र त्याच्या इतिहासात एक साधी अडचण दिसते: हात मोकळा नसणं. पॅरिसमध्ये राहणारा ब्राझिलियन वैमानिक सांतोस-द्युमाँ याचे दोन्ही हात उडताना यंत्र सांभाळण्यात गुंतलेले असत. खिशातलं घड्याळ काढणार कधी? म्हणून त्याचा मित्र लुई कार्तिए याने १९०४ मध्ये त्याच्यासाठी मनगटी घड्याळ घडवलं.

वेळेचं काम काय? १०० नॉट वेगाने ६ मिनिटं उडलात, तर १० सागरी मैल कापलेत. खाली खुणेची नदी दिसत नसली, तरी आपण कुठे आहोत याचा अंदाज घड्याळ देतं. १९५०च्या दशकात ब्राइटलिंगने नॅविटायमरच्या तबकडीभोवती वेग, अंतर आणि इंधनाचा हिशोब करणारी फिरती पट्टीच बसवली. अमेरिकेतल्या खासगी वैमानिकांच्या संघटनेचं पंखांचं चिन्हही त्या तबकडीवर होतं.

आज तो हिशोब टॅब्लेट करतो आणि ती पट्टी दागिना झाली आहे. पण टॅब्लेट तापून बंद पडू शकतो. तेव्हा लागतात ठळक आकडे, स्टॉपवॉच आणि २४ तासांची वेळ. १९८९ सालचं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू हे सगळं स्वस्तात देतं. ते यूटीसीवर लावायचं. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सांतोस-द्युमाँची गरज एवढीच होती.