डोंगर उतारावरील बागेसाठी गवत कापणी यंत्राची निवड

कोकणातील आंबा, काजूच्या अनेक बागा डोंगर उतारावर आहेत. पावसाळ्यात वाढलेले गवत वेळीच न कापल्यास पुढे वाळून वणव्याचा धोका वाढतो. यंत्र घेताना बरेच जण आधी इंजिनची ताकद आणि किंमत पाहतात. उताराच्या जमिनीत मात्र आधी उतार मोजावा.

उतार कसा मोजावा?
१० फूट दोरीचे एक टोक वरच्या बाजूला जमिनीला टेकवावे. दुसरे टोक उताराच्या दिशेने, दोरी समपातळीत राहील असे ताणावे. त्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर ३२ इंच भरल्यास उतार सुमारे १५ अंश समजावा.

यंत्राची निवड
• चाकांचे ढकलयंत्र : १५ अंशांपेक्षा कमी उतार आणि दगडगोटे नसलेल्या जमिनीतच वापरावे. ते उताराला आडवे चालवावे. वर-खाली चालवताना पाय घसरल्यास थेट पात्याखाली जाऊ शकतो. फोर स्ट्रोक इंजिन जास्त कलल्यास वंगण नीट पोहोचत नाही, म्हणून माहितीपुस्तिकेतील उताराची मर्यादा पाहूनच खरेदी करावी.
• ब्रश कटर : जास्त उतार, कातळ आणि अरुंद मजग्यांसाठी हाच पर्याय. टू स्ट्रोक इंजिनमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने यंत्र कलले तरी वंगण मिळत राहते. मिश्रणाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे.
• साइड पॅक की बॅक पॅक? बॅक पॅकचे वजन पाठीवर असल्याने चढताना सोपे जाते. पण त्याचा दांडा लवचिक जोडणीचा असल्याने पाते पायापर्यंत येऊ शकते. नवख्या मजुरासाठी साइड पॅक बरा. दोन्हींत पट्टा झटकन सुटतो का, हे दुकानातच तपासावे.

कापणी करताना
• दाट गवतासाठी तीन दातांचे पाते, दगडाजवळ नायलॉन दोरी वापरावी. दोरीनेही कोवळ्या कलमांची साल सोलते, त्यामुळे बुंध्याजवळ विळ्यानेच कापावे.
• चष्मा, बूट आणि नडगीरक्षक वापरावेत. १५ मीटरच्या आत कोणी नसावे. उताराच्या खालच्या बाजूला तर नाहीच.
• ओल्या गवतावर काम टाळावे.
• पावसाळ्यात गवत मुळासकट काढू नये. ३-४ इंच ठेवून कापल्यास मुळे माती धरून ठेवतात. कापलेले गवत झाडाच्या आळ्यात, बुंध्यापासून थोडे दूर, आच्छादन म्हणून पसरावे. वणव्याच्या हंगामापूर्वी बागेच्या कडेचा पट्टा मात्र पूर्ण साफ ठेवावा.