डाव्या मैदानातले थोर खेळाडू : आकडे आणि गाळलेल्या जागा

आजचा विषय ऐकून काहीजणांच्या कपाळावर आठी पडली असेल. बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, आणि त्यातही फक्त लेफ्ट फिल्डर, म्हणजे एकाच जागेवर उभे राहणारे खेळाडू. पण ‘सर्वांत श्रेष्ठ कोण’ हा प्रश्न जिथे आकड्यांनी सोडवायचा जास्तीत जास्त प्रयत्न झाला आहे, असं क्षेत्र मला हवं होतं. बेसबॉलइतक्या नोंदी दुसऱ्या कुठल्या खेळाने ठेवल्या असतील असं वाटत नाही. आणि इतक्या नोंदी असूनही हा वाद मिटलेला नाही. तो का मिटत नाही, हे आज बघायचं आहे.

आधी थोडी तोंडओळख. फलंदाजाच्या नजरेने समोर बघितलं की डाव्या हाताला जो दूरचा भाग येतो तो लेफ्ट फील्ड. तिथून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक राइट फील्डच्या मानाने जवळची असते. त्यामुळे ज्याचा हात फार ताकदवान नाही, पण ज्याची बॅट संघाला हवीच आहे, अशा खेळाडूला तिथे उभं करायची पद्धत पडली. म्हणून या जागेच्या इतिहासात मोठे फलंदाज दाटीवाटीने भेटतात. बॉस्टन रेड सॉक्सचं उदाहरण घ्या. फेनवे पार्कची ती ३७ फूट उंचीची हिरवी भिंत लेफ्ट फील्डच्या मागेच आहे. तिच्यापुढे आधी टेड विल्यम्स, मग कार्ल यास्ट्रझेम्स्की, मग जिम राइस उभे राहिले. तिघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

आता मुख्य दावेदार बघू.

टेड विल्यम्स. १९४१ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याचे ४४८ पैकी १७९ यशस्वी फटके होते. सरासरी ०.३९९५५, म्हणजे गोळाबेरीज केली तर ०.४००. तो दिवस बाकावर बसून काढला असता तर ‘चारशे’चा मान पक्का होता. तो दोन्ही सामने खेळला, आठात सहा फटके मारले आणि ०.४०६ वर थांबला. पण त्याचा खरा विक्रम वेगळाच आहे. फटका मारून असो की चार वाईट चेंडू सोडून असो, बेसवर पोचण्याचं त्याचं कारकिर्दीतलं प्रमाण ०.४८२ आहे. त्याच्या पुढे कोणी नाही.

रिकी हेंडरसन. हा वेगळ्या जातीचा खेळाडू. पिचरचं लक्ष जरा ढळलं की पुढचा बेस पळून गाठायचा, याला बेस चोरणं म्हणतात. हेंडरसनने अशा १,४०६ चोऱ्या केल्या. दुसऱ्या क्रमांकावरचा लू ब्रॉक, तोही लेफ्ट फिल्डरच, ९३८ वर आहे. पहिल्या आणि दुसऱ्यातलं हे अंतरच ४६८ चं! आणि खेळ शेवटी कशासाठी असतो? धावा करण्यासाठी. हेंडरसनने २,२९५ धावा केल्या, इतिहासात सर्वाधिक. होम रन मारणाऱ्याची आरोळी मोठी असते, पण धावफलकावर एकच आकडा चढत असतो.

स्टॅन म्युझियल. ३,६३० फटके, त्यांतले १,८१५ घरच्या मैदानावर आणि १,८१५ परक्या मैदानांवर. समत्व म्हणतात ते हेच की काय! पण तो पहिल्या बेसवरही इतका खेळला आहे की त्याला या यादीत घ्यावं का, यावरच चर्चा होते.

आणि बॅरी बॉण्ड्स. ७६२ होम रन. सात वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २००४ मध्ये तो दहापैकी सहा वेळा बेसवर पोचत होता, कारण प्रतिस्पर्धी त्याला चेंडू टाकायलाच घाबरत. त्या एका हंगामात त्याला १२० वेळा मुद्दाम फुकट पहिला बेस देऊन टाकला. नुसता तक्ता बघितला तर वाद संपला: बॉण्ड्स.

पण नुसता तक्ता बघायचा का?

आपल्या वैशेषिकांनी एक मोठी चतुराईची गोष्ट केली. द्रव्य, गुण, कर्म वगैरे पदार्थ मोजता मोजता त्यांनी ‘अभाव’ हाही सातवा पदार्थ मानला. जे नाही, त्याचंही ज्ञान होतं. आणि सगळे अभाव एका जातीचे नसतात. बेसबॉलच्या तक्त्याकडे मला असं बघावंसं वाटतं. त्यात तीन तऱ्हेचे अभाव आहेत आणि तिघांची कारणं निरनिराळी आहेत.

पहिला अभाव युद्धाचा. १९४२ मध्ये विल्यम्सचे ३६ होम रन होते आणि १९४६ मध्ये ३८. मधले तीन हंगाम कोरे आहेत, कारण तो सैन्यात वैमानिक होता. ऐन चोविसाव्या वर्षापासूनची ती उमेदीची वर्षं. पुढे कोरियाच्या युद्धासाठी त्याला पुन्हा बोलावलं. १९५२ आणि १९५३ हे दोन हंगामही जवळजवळ वाया गेले. तिथे त्याने ३९ मोहिमांत विमान चालवलं आणि एकदा गोळीबारात सापडलेलं विमान कसंबसं जमिनीवर उतरवलं. त्याचे एकूण होम रन ५२१. लोक मधल्या तीन वर्षांचे तीस-तीस जोडून सहाशेच्या वर नेतात. ही बेरीज चुकीची नाही, पण ती सोपी आहे. सोपी अशासाठी, की रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना आकडे आहेत.

दुसऱ्या अभावाला ही सोय नाही. मॉन्टी अर्व्हिन न्यूअर्क ईगल्सकडून निग्रो लीगमध्ये खेळत होता. कृष्णवर्णीयांना मेजर लीगचं दार बंद होतं. ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी उघडलं. अर्व्हिन न्यूयॉर्क जायंट्समध्ये आला तो १९४९ मध्ये, तीस वर्षांचा होऊन. १९५१ मध्ये त्याने ०.३१२ ची सरासरी राखली आणि संघाला १२१ धावा मिळवून दिल्या. त्यात त्या वर्षी लीगमध्ये तो पहिला होता. २०२४ पर्यंत त्याच्या मेजर लीगच्या तक्त्यात एकूण आठच हंगाम होते. विल्यम्सला युद्धाने थांबवलं, अर्व्हिनला माणसांनी ठरवून थांबवलं. क्यूबाचा मिनी मिन्योसो हा दुसरा लेफ्ट फिल्डर. शिकागो व्हाइट सॉक्सचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, १९५१ चा. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव २०२२ मध्ये लागलं. तो २०१५ मध्येच वारला होता.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९६६ मध्ये विल्यम्स स्वतः हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेव्हा सत्काराच्या भाषणात त्याने सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेतली. निग्रो लीगमधले हे थोर खेळाडू इथे नाहीत, कारण त्यांना संधीच मिळाली नाही. एक दिवस त्यांनाही इथे जागा मिळावी, असं तो म्हणाला. पेजला १९७१ मध्ये जागा मिळाली, गिब्सनला १९७२ मध्ये, अर्व्हिनला १९७३ मध्ये. लक्षात घ्या, विल्यम्सचा संघ रेड सॉक्स हा मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा सगळ्यात शेवटचा संघ होता. १९५९ साल उजाडावं लागलं.

आणि याचा पुढचा भाग तर बघा. २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत मिळवले गेले. गिब्सनची १९४३ ची सरासरी ०.४६६ आहे. म्हणजे ‘१९४१ च्या विल्यम्सनंतर कोणी चारशे गाठलं नाही’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालं होतं, ते नोंदींनुसार आता खरं राहिलं नाही. कोणी आक्षेप घेईल की निग्रो लीगचे हंगाम लहान होते, सामने कमी होते. आक्षेप रास्त आहे. पण हंगाम लहान का होते, हा प्रश्न विचारायला नको का?

तिसरा अभाव स्वतःच्या वर्तनाचा, किंवा त्यावरच्या संशयाचा. शूलेस जो जॅक्सन, सरासरी ०.३५६, हाही लेफ्ट फिल्डर. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या लाचेच्या प्रकरणात ज्युरीने निर्दोष ठरवूनही १९२१ मध्ये आयुक्तांनी त्याला कायमचं बाद केलं. ती बंदी उठली २०२५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सत्तरहून अधिक वर्षांनी. बॉण्ड्सवर उत्तेजकं घेतल्याचा आरोप आहे. आपण जाणूनबुजून घेतली नाहीत, असं त्याचं म्हणणं. खटल्यात २०११ मध्ये दोषी ठरला, २०१५ मध्ये तो निकाल रद्द झाला. हॉल ऑफ फेमसाठी ७५ टक्के मतं लागतात. २०२२ च्या शेवटच्या फेरीत त्याला ६६ टक्के मिळाली. गंमत अशी की १९९८ मध्येच तो ४०० होम रन आणि ४०० चोऱ्या हा दुहेरी पल्ला गाठणारा पहिला खेळाडू झाला होता, आणि संशय मुख्यतः त्यानंतरच्या वर्षांवर आहे. म्हणजे त्याच्या तक्त्यात आकडे भरपूर आहेत, पण त्यांवरचा विश्वास उणा आहे. हाही एक अभावच.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग निकाल द्या. देतो. तिन्ही अभावांचा विचार करून माझा पहिला क्रमांक टेड विल्यम्सला. दुसरा हेंडरसनला, कारण धाव करणं हेच खेळाचं प्रयोजन. तिसरा बॉण्ड्सला, १९९८ पर्यंतच्या खेळावर. चौथा म्युझियलला.

मॉन्टी अर्व्हिनला मी क्रमांक देत नाही. विल्यम्सच्या गाळलेल्या जागा अंदाजाने भरता येतात. अर्व्हिनच्या भरता येत नाहीत, कारण त्या पुसणाऱ्यांनी मोजण्याची सोयच ठेवली नाही. त्याला पाचवा किंवा दहावा म्हणणं म्हणजे त्यांचाच हिशेब पुढे चालवणं. म्हणून यादी करताना त्याचं नाव लिहावं, क्रमांकाची जागा कोरी सोडावी, आणि ती का कोरी आहे हे शेजारी स्पष्ट लिहावं. तुमची यादी वेगळी असेल. जरूर असू दे. फक्त तुमच्या यादीत कोणाची जागा कोरी आहे आणि कशामुळे, तेही सांगा. आता प्रश्न घेऊ.