स्की-सहल, कतारमधून

स्की-सहल, कतारमधून : कतारमध्ये राहणाऱ्या कुटुंबांनी सुट्टीत परदेशातील बर्फाळ डोंगरांवर स्कीइंगसाठी केलेला प्रवास आणि त्याची पूर्वतयारी. कतारमध्ये डोंगर नाही. देशातील सर्वांत उंच जागा म्हणजे दक्षिणेकडील कुरैन अबू अल-बौल. तिची उंची अवघी १०३ मी. आपली कळसूबाई (१,६४६ मी.) तिच्या सोळापट. त्यामुळे दोह्यातला नवशिका थेट विमानाने डोंगरावर पोहोचतो. बर्फाची सवय नाही, उंचीची सवय नाही आणि हाताशी जेमतेम आठवडा, अशा स्थितीत ठिकाणाची निवड चुकली तर सगळी सहल हॉटेलच्या खिडकीतून बर्फ बघण्यात जाते.

घसरण्याची पहिली चव मात्र कतारमध्येच घेता येते. दोह्याच्या दक्षिणेला मेसईद आणि सीलाइन ओलांडले की वाळूच्या टेकड्या सुरू होतात. त्या खोर अल-अदैदपर्यंत, म्हणजे वाळवंटात आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीपर्यंत पसरलेल्या आहेत. वायव्येकडून वाहणारा ‘शमाल’ वारा वाळू ढकलत आणतो. वाऱ्याकडील अंग लांबट आणि सौम्य राहते. आडोशाच्या अंगाला वाळू तिच्या नैसर्गिक कलापर्यंत, साधारण ३० ते ३४ अंशांपर्यंत, उभी ठाकते. फळी बांधून घसरतात ते या दुसऱ्या अंगावरून. सीलाइनला गाड्या थांबतात, गाडी वाळूत रुतू नये म्हणून चालक खाली वाकून चाकांतली हवा सोडतो, तो फुसफुसाट ऐकू आला की मागच्या सीटवरची मुले सावरून बसतात. वाळूचे घर्षण बर्फापेक्षा बरेच जास्त असते. म्हणून फळीच्या तळाला मेण घासावे लागते, वेग कमी राहतो आणि वळण घेणे जड जाते. शिवाय वर नेणारी लिफ्ट नाही. प्रत्येक घसरणीची किंमत पायांनी चढून चुकवायची. स्कीचे तंत्र इथे फारसे येत नाही, पण तोल सांभाळणे आणि पडायला न घाबरणे या दोन गोष्टी नक्की येतात. त्या शिकण्यासाठी नोव्हेंबर ते मार्चमधली सकाळ उत्तम.

बंदिस्त सोयींपैकी व्हिलाजिओ मॉलमध्ये आइस-स्केटिंगची जागा आहे. दोहा फेस्टिव्हल सिटीतील ‘स्नो ड्यून्स’ मुख्यतः मुलांच्या बर्फखेळासाठी आहे. खऱ्या सरावाची सर्वांत जवळची जागा दुबईत. मॉल ऑफ द एमिरेट्समधील ‘स्की दुबई’ २००५ साली सुरू झाले. तिथला उतार सुमारे ८५ मी. उंचीचा असून सर्वांत लांब घसरमार्ग ४०० मी. आहे. मोठ्या सहलीआधी तिथे प्रशिक्षकाबरोबर दोन तास घालवलेल्या माणसाचे डोंगरावरचे पहिले दोन दिवस वाचतात. हा खर्च टाळू नये.

निवडीचा खरा पाया सुट्टी हा आहे. दोह्यातील भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलपासून सुरू होते. हिवाळी सुट्टी साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीचा आरंभ अशी असते, आणि अनेक डोंगरांवर नेमका तेव्हाच बर्फाचा थर पातळ असतो. बर्फ भरवशाचा होतो तो जानेवारीच्या मध्यापासून; पण फेब्रुवारी-मार्च म्हणजे परीक्षा, दहावी-बारावीच्या बोर्डाच्या तर हमखास. कतारचा राष्ट्रीय क्रीडा दिन फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी असतो, त्याला जोडून रजा काढणारे पुष्कळ आहेत. रमजान ईदची सुट्टी चांद्र पंचांगाप्रमाणे दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. सध्या ती हिवाळ्याकडे येत असल्याने पुढची काही वर्षे बर्फप्रेमींच्या सोयीची आहेत. जुलै-ऑगस्टच्या लांब सुट्टीत बर्फ हवा असेल, तर दक्षिण गोलार्धात जावे. न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनजवळील कोरोनेट पीक आणि द रिमार्केबल्स यांचा हंगाम तेव्हाच भरात असतो.

डिसेंबरमध्येच जायचे असेल, तर उंच डोंगर किंवा यंत्राने बर्फ पाडण्याची सोय असलेले ठिकाण घ्यावे. अझरबैजानमधील शाहदाग (२०१२ पासून) हे दुसऱ्या प्रकारातले.

कतारहून पहिल्या सहलीसाठी जॉर्जियातील गुदौरी हेच नाव सर्वाधिक योग्य आहे. दोहा ते तिबिलिसी विमानप्रवास साडेतीन तासांच्या आसपास. पुढे जुन्या लष्करी मार्गाने सुमारे १२० किमी. गाव साधारण २,२०० मी. उंचीवर, तर वरची लिफ्ट ३,२७० मी.च्या पुढे पोहोचते. उतार रुंद, मोकळे आणि दक्षिणाभिमुख असल्याने स्वच्छ दिवशी ऊन भरपूर मिळते. उणीव अशी की वर झाडे नाहीत. धुके उतरले की आकाश आणि उतार एकाच पांढऱ्या रंगाचे होतात आणि नवशिक्याला पायाखालचा खड्डासुद्धा दिसत नाही. त्या दिवशी खाली, नवशिक्यांना वर नेणाऱ्या चालत्या पट्ट्याजवळच राहावे. जोरदार हिमवर्षावात रस्ताही बंद होतो, म्हणून परतीच्या विमानाआधी एक रात्र तिबिलिसीत ठेवावी. भारतीय पारपत्रधारकाला कतारच्या निवासपरवान्यावर तिथे व्हिसाविना प्रवेश मिळत आला आहे. पण परवान्याच्या मुदतीसारख्या अटी बदलत असल्याने तिकीट काढण्याआधी नियम पाहावेत.

कझाकस्तानातील शिम्बुलाकचा फायदा वेगळा : मुक्काम अल्माटी शहरात आणि रोज मेदेऊहून गोंडोल्याने (तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने) वर. ज्यांना स्की करायची नाही त्या आजी-आजोबांचा दिवस शहरात चांगला जातो. आल्प्सला कशाचीच तोड नाही, परंतु शेंगेन व्हिसाला वेळ लागतो आणि खर्च बराच वाढतो.

मायदेशाच्या वाटेवर गुलमर्ग जोडणारे मराठी लोक अनेक आहेत. ते गाव २,६५० मी.वर असून गोंडोल्याचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मी. उंचीपर्यंत नेतो. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गुलमर्गची कीर्ती आहे ती वरच्या, न दाबलेल्या भुसभुशीत बर्फाची आणि ती निष्णातांसाठी आहे. शिकाऊ माणसाचे उतार खाली कुरणात आहेत. वरच्या भागात फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमस्खलनांत परदेशी स्कीपटू दगावले. समुद्रकाठच्या दोह्यातून दोन दिवसांत या उंचीवर पोहोचलेल्याचे डोके दुखू लागले, तर ती विरळ हवेची सूचना समजून खाली यावे. काश्मिरी हिवाळ्यातील ‘चिल्लई कलान’चे चाळीस दिवस (२१ डिसेंबरपासून) बर्फाचे मानले जातात, तरी जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे महिनाअखेरीपर्यंत जवळजवळ कोरडी होती. उत्तराखंडातील औली नवशिक्यांना सोयीचे, परंतु २०२३ च्या आरंभी पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचल्यावर तिथून औलीला नेणारी रोपवे बंद करण्यात आली.

ठिकाणाचा नकाशा पाहताना सगळे काळ्या रेघा, म्हणजे सर्वांत अवघड मार्ग मोजतात. मोजायच्या असतात हिरव्या आणि निळ्या. कुटुंबातील सर्वांत कच्च्या माणसाला तीन दिवस पुरतील इतके सोपे मार्ग जिथे आहेत, तेच ठिकाण योग्य.

बूट भाड्याने घेताना पातळ मोजा एकच घालावा. उभे राहून गुडघे पुढे झुकवले की टाच जागेवर चिकटून राहिली पाहिजे आणि बोटांना हलायला जागा हवी. टाच उचलली जात असेल, तर बूट मोठा आहे. दुकानात दहा मिनिटे जास्त गेली तरी बदलून घ्यावा. स्कीपासून बूट सुटण्याची कळ वजन आणि कौशल्य पाहून बसवतात, म्हणून फॉर्मवर वजन खरे लिहावे. हेल्मेट सर्वांनी घालावे. साध्या प्रवासविम्यात स्कीइंग बहुधा वगळलेले असते. हिवाळी खेळांचे कलम आणि डोंगरावरून सुटकेचा खर्च त्यात आहे ना, हे वाचून घ्यावे.

आणि हॉटेलच्या आधी प्रशिक्षक ठरवावा. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात खोली मिळून जाते, पण मुलांना समजेल अशा भाषेत शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची सकाळची वेळ आधी संपते.