पराटीतले तुरीचे तास

१/ अमरावती-अकोल्याच्या शिवारात पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काही ओळींनंतर तुरीचा एखादा तास उभा दिसतो. तास म्हणजे पेरणीची ओळ. काळ्या मातीवर काय पांघरावे, या प्रश्नाचे ते वऱ्हाडचे जुने उत्तर आहे.

२/ कपाशी आरंभी सावकाश वाढते. तिच्या ओळींमधली जमीन ऐन पावसाळ्यात उघडी राहते आणि सुटलेली माती पाण्याबरोबर नाल्याला लागते.

३/ म्हणून सोबतीची पिके निवडली गेली. मूग-उडीद जमीन लवकर झाकतात आणि सुमारे ६० ते ७५ दिवसांत निघतात. तुरीचे सोटमूळ खोल जाते, तिचा पालापाचोळा शेतातच कुजतो. ज्वारी माणसाला भाकर आणि बैलाला कडबा देते.

४/ पुढच्या पिकाला जमीन अनुकूल करणाऱ्या पिकाचा ‘बेवड’ चांगला, असे शेतकरी म्हणत आला. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८च्या सुमारास सिद्ध केले.

५/ दरम्यान वऱ्हाडचे दैव पालटले होते. १८५३च्या तहाने हा प्रांत निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात गेला. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी इकडे वळली. १८६५मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. कापसाची ओढ मात्र ओसरली नाही. १८७०मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वे आली.

६/ बाजाराला केवळ बोंड दिसत होते. शेतकऱ्याला मात्र त्याच जमिनीतून घरचे धान्य, बैलांचा चारा आणि पुढच्या वर्षाचा कस काढायचा होता. १८९९-१९००च्या दुष्काळाने या दोहोंतले अंतर उघडे पाडले. कापूस खाता येत नाही. ज्याच्या कणगीत ज्वारी नव्हती, त्याला ती चढ्या भावाने विकत घ्यावी लागली.

७/ पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात हा प्रश्न अधिकच बिकट. भूजल खारे, त्यामुळे सारी भिस्त पावसाच्या ओलीवर. तिथे खरिपात मूग आणि त्यामागून उरल्या ओलीवर हरभरा, असा क्रम रुळला.

८/ १९६९मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पंजाबराव देशमुखांचे नाव असलेल्या या विद्यापीठाने कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी अशा ६:१:२:१ ओळींची शिफारस केली. जुन्या शिवाराची रीत अशा प्रकारे शास्त्राच्या आकड्यांत उतरली. आज सलग कपाशी आणि सोयाबीनच्या शेतांमधून तो एखादा तुरीचा तास दिसला, तर त्यामागे मातीचा एवढा इतिहास उभा असतो.